चामडी बांधणीचं जुनं पुस्तक : कातडं ओळखायचं कसं, जोखायचं कसं, जपायचं कसं

"असली लेदर आहे साहेब, हात लावून बघा." जुन्या पुस्तकांच्या ढिगाशी उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतंच. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर पडतं, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पडतं, दिल्लीच्या दर्यागंजात हिंदीतून पडतं. पाठीवर सोनेरी अक्षरं, तांबूस तपकिरी रंग, जाडजूड देह. आपला हात खिशाकडे जातो. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा ते लेदर नसून रेक्झिन निघालं. उरलेल्या निम्म्यात लेदर खरं होतं, पण त्यापायी चार पैसे जास्त मोजावेत असं बहुतेकदा काही नव्हतं.

माझं पहिलं चामडी पुस्तक म्हणजे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती. हाफ लेदर, म्हणजे पाठ आणि कोपरे चामड्याचे, बाकी पुठ्ठ्यावर मार्बल कागद. घरी येईपर्यंत पांढऱ्या शर्टावर विटेच्या रंगाची भुकटी सांडली होती. कुणीतरी म्हणालं, चामडं कोरडं पडलंय, तेल पाज. मी खोबरेल चोळलं. दोन दिवस पाठ सुरेख चकाकली. मग तेल सांध्यातून (पाठ आणि पुठ्ठा जुळतात तिथून) आत उतरलं, पहिल्या दहा-बारा पानांच्या आतल्या कडेला पारदर्शक डाग उमटले आणि पुढच्या जुलैत त्याच चिकट पाठीवर करड्या बुरशीची लव उगवली. त्या भुकटीला काय म्हणतात, हे मला त्यानंतर वर्षभराने कळलं.

तेव्हापासून मी चामड्याकडे पुस्तकाच्या सातबाऱ्यासारखा बघतो. पुस्तक कोणाच्या ताब्यात होतं, फेरफार कधी झाला, खाडाखोड कुठे आहे, सगळं त्यावर नोंदलेलं असतं. संग्राहक पैसे मोजतो ते या नोंदींचे. त्यामुळे आधी वाचायला शिकायचं. चोळणं, चिकटवणं, बदलणं यांची पाळी फार उशिरा येते, आणि आली नाही तर उत्तमच.

पहिली पायरी : हातात घेण्याआधी

टेबलावर पांढरा कागद पसरा. पुस्तकातून जे काही सांडेल (भुकटी, कातड्याचा तुकडा, किड्याची विष्ठा) ते त्यावर दिसलं पाहिजे. हात धुऊन कोरडे करा. सुती हातमोजे नकोत. सिनेमात छान दिसतात, पण बोटांची जाण जाते आणि सुटलेल्या कातड्याच्या कडा धाग्यात अडकून निघतात. ओल्या बोटाने, स्पिरिटने, बेबी वाइपने पाठ पुसून बघू नका. कुजायला लागलेल्या चामड्याला पाणी लागलं की तिथे काळा डाग पडतो, आणि तो कायमचा.

कपाटातून काढताना पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नका. जुन्या बांधणीत सगळ्यात आधी तुटते ती हीच कड. शेजारची दोन पुस्तकं थोडी आत सारा, मधलं दोन्ही बाजूंनी धरा, मग काढा. उघडताना पुठ्ठा नव्वद अंशांपलीकडे नेऊ नका. खाली दोन्ही बाजूंना उशा किंवा गुंडाळलेले टॉवेल ठेवा.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि टॉर्च घ्या. भिंग सोनाराकडचं चालतं.

दुसरी पायरी : कातडं कोणाचं?

आधी रेक्झिन बाजूला काढू. रेक्झिन म्हणजे लेप दिलेलं कापड. झिजलेला कोपरा किंवा आत दुमडलेली कड भिंगाखाली धरा. खाली ताणाबाणा दिसला तर विषय संपला. लेदरच्या झिजलेल्या कडेला गुंतलेले तंतू दिसतात, नमद्यासारखे. दुसरी खूण म्हणजे दाणा, कातड्याच्या पृष्ठभागावरचा पोत. रेक्झिनवरचा दाणा साच्यातून आलेला असतो, तेव्हा ठरावीक अंतरावर तीच नक्षी पुन्हा येते. जनावराच्या अंगावर एक इंच दुसऱ्या इंचासारखा नसतो.

मग केसांची छिद्रं बघा. शेळी-बोकडाच्या कातड्यावर छिद्रांच्या ओळी असतात आणि त्यांच्यामध्ये उंचसखल दाणा, बोटाला स्पष्ट लागणारा. याच कातड्याला बांधणीच्या जगात मोरोक्को म्हणतात. नाव मोरोक्कोचं, पण पुष्कळसं कातडं सहाराच्या दक्षिणेकडून, आजच्या उत्तर नायजेरियाच्या भागातून उंटांच्या तांड्यांवर तिथे येई. चिवट आणि लवचीक. तीनशे वर्षांची मोरोक्को बांधणी आजही सांध्यात न तुटता उघडते, आणि तिला जास्त मोल येतं ते याच टिकाऊपणामुळे.

वासराचं कातडं, म्हणजे काफ, गुळगुळीत असतं. छिद्रं इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बहुतेक सभ्य पुस्तकं यातच बांधली जात. यावर ठसा सुरेख उठतो. पण त्याच गुळगुळीतपणामुळे ओरखडाही तितकाच सुरेख उठतो, आणि सांध्यात ते मोरोक्कोच्या बरंच आधी तडकतं. कधीकधी काफच्या पुठ्ठ्यावर फांद्याफांद्यांचं झाड उमटलेलं दिसतं. ते रंगवलेलं नसतं. पुठ्ठा तिरका धरून त्यावर पाणी सोडायचे, मग हिराकस आणि पोटॅशची द्रावणं शिंपडायचे; वाहत्या ओघळांचं झाड व्हायचं. दिसायला मोहक, पण हिराकशीतलं लोह कातडं हळूहळू खातं. अशा पुस्तकाच्या काळ्या रेघांवर अलगद बोट फिरवा, खड्डे लागतील.

मेंढीचं कातडं स्वस्त आणि सैल. वरचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा सुटतो. शाळेची पुस्तकं, हिशेबाच्या वह्या, ग्रंथालयांच्या काटकसरी बांधण्या यांत ते भरपूर सापडतं. त्यावर मोरोक्कोचा दाणा दाबून विकायची चालही जुनीच. कड सुटली असेल तर फरक कळतो: दाणा वर आणि खाली पोकळ पापुद्रा, तर मेंढी.

डुकराच्या कातड्याला भिंगही लागत नाही. तीन-तीन छिद्रांचे त्रिकोण सगळीकडे पसरलेले दिसतात. सोळाव्या शतकातल्या जर्मनीत लाकडी फळ्यांवर तुरटीने कमावलेलं पांढरं डुकराचं कातडं चढवत, वर सोन्याशिवाय नुसते दाबलेले ठसे, कडेला पुस्तक मिटून ठेवणारे पितळी आकडे. अशी पुस्तकं भारतात क्वचितच हाती लागतात, पण परदेशी लिलावात तुम्हाला दिसतील, आणि पाचशे वर्षांनंतरही त्यांची तब्येत आपल्या एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांपेक्षा बरी असेल.

चर्मपत्र, म्हणजे व्हेलम, वेगळ्या जातीचं. ते कमावलेलं नसतं. चुन्यात भिजवून, केस काढून, चौकटीवर ताणून सुकवलेलं असतं. रंग हस्तिदंती, स्पर्श कडक. हवेतला ओलावा ते स्पंजासारखं पितं आणि सोडतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरात व्हेलमचं पुस्तक ऑगस्टमध्ये पापडासारखं वाकतं, म्हणून विकत घेण्याआधी स्वतःच्या घराचा विचार करा.

आणि नाकाने ओळखता येणारं एकच: रशिया लेदर. भूर्जाच्या सालीचं तेल पाजलेलं, त्याचा मंद धुरकट वास शंभर वर्षांनीही जात नाही. (होय, भूर्जपत्राचाच तो भूर्ज, त्याचा उत्तरेकडचा भाऊबंद.) वास श्रीमंती असला तरी अशा पुस्तकांचे सांधे बहुधा गेलेले असतात, तेवढं बघून घ्या.

तिसरी पायरी : कमावलं कशाने?

संग्राहक इथेच घसरतात, आणि योगायोगाने आपल्या मातीचा संबंधही इथेच येतो.

कच्चं कातडं कुजू नये म्हणून झाडांच्या साली, पानं, फळं यांतलं टॅनिन त्यात मुरवतात. टॅनिनच्या ढोबळ दोन जाती. सुमाक नावाच्या झुडपाची पानं, हिरडा, ओकच्या गाठी यांतलं टॅनिन चामड्याला दीर्घायुषी ठेवतं. काही सालींमधलं दुसऱ्या जातीचं टॅनिन चामडं झटपट आणि स्वस्तात कमावतं, पण उजेडात ते तांबडं पडतं आणि हवेतला गंधकाचा धूर शोषून स्वतःतच आम्ल साठवतं. त्या आम्लाने तंतू तुटत जातात आणि एक दिवस चामड्याची भुकटी होते. इंग्रजीत याला रेड रॉट म्हणतात. माझ्या शर्टावर सांडली होती ती हीच.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनची ग्रंथालयं या भुकटीने हैराण झाली. १९०० साली तिथल्या सोसायटी ऑफ आर्ट्सने बांधणीच्या चामड्याची चौकशी करायला समिती नेमली. तिच्या अहवालात गॅसच्या दिव्यांचा धूर, उजेड, रंगवताना वापरलेलं गंधकाम्ल ही कारणं सापडतात. सुमाकने कमावलेल्या कातड्याची शिफारस सापडते. आणि 'ईस्ट इंडियन' किंवा 'पर्शियन' नावाने विकल्या जाणाऱ्या शेळी-मेंढीच्या कातड्यांवर कडक ताशेरे सापडतात: यांत बांधलेली पुस्तकं वर्षाच्या आत बिघडायला लागलेली आढळली. ही कातडी पर्शियाची नव्हतीच, मुख्यतः दक्षिण भारतातून जात. ती कमावली जात त्या सालीला इंग्रज टर्वार म्हणत. आपला तरवड तो! माळरानावर पिवळ्या फुलांनी डवरणारा, नवरात्रात घटावरच्या माळेत ओवला जाणारा तरवड लंडनच्या ग्रंथपालांच्या काळ्या यादीत होता. चपलेला, पखालीला तो काही वाईट नव्हता. शंभर वर्षं फळीवर उभं राहायचं काम त्याला कुणी विचारून दिलं नव्हतं. सह्याद्रीतल्या हिरड्याचं नाव मात्र चांगल्या बाजूला येतं. बाभळीची साल आणि हिरडा ही जोडी कोल्हापुरी चपलेच्या कातड्यात आजही चालते.

याचा व्यवहारातला अर्थ असा. पुस्तक १८६० नंतर बांधलेलं असेल तर रेड रॉट शोधायचाच. पाठीच्या वरच्या टोकाला आणि सांध्याजवळ पांढऱ्या कागदाचा तुकडा हलकेच टेकवा. तांबडी भुकटी लागली, तर कुज सुरू आहे. ती थांबवता येते थोडीफार. उलटवता येत नाही. विकणारा "धूळ आहे, झटकली की जाईल" म्हणाला तर हसून पुढे चला. किंमत पाडून मागायला मात्र ही उत्तम जागा आहे.

क्रोमने, म्हणजे झाडपाल्याऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं चामडं दिसलं, म्हणजे झिजलेल्या कडेला आत निळसर राखाडी गाभा, तर बांधणी जुनी असूच शकत नाही. क्रोमचा धंदा जोरात आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८२० सालच्या पुस्तकावर ते असेल, तर कातडं नंतर चढलं.

चौथी पायरी : बांधणीचं वय आणि पुस्तकाचं वय

पुस्तक कधी छापलं ते मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर लिहिलेलं असतं. बांधलं कधी, ते कुठेच लिहिलेलं नसतं. आणि किमतीचा मोठा भाग या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे. पुस्तक निघाल्यावर थोड्याच वर्षांत झालेली बांधणी म्हणजे समकालीन बांधणी. ती झिजलेली असली तरी चालते. शंभर वर्षांनी चढवलेलं नवं कोरं चामडं तिच्यापुढे सहसा फिकं पडतं.

पुढचा पुठ्ठा उघडा. कातड्याची कड आत दुमडून चिकटवलेली दिसेल, त्यावर अस्तरकागद. आता समोरचं मोकळं पान बघा. चामड्यातलं आम्ल समोरच्या कागदाला तपकिरी करतं, त्यामुळे त्या पानाच्या तिन्ही कडांना दुमडीच्या रुंदीइतकीच तपकिरी चौकट उमटलेली असायला हवी. पुस्तक मिटा, उघडा, जुळवून बघा. चौकट एक बोट रुंद आणि दुमड अर्धं बोट? मग हे कातडं या पानासमोर आधीपासून नव्हतं. चामडं जुनाट आणि पान पांढरं स्वच्छ? मग पान नवं आहे. मी एकदा "मूळ बांधणी" म्हणून दाखवलेल्या पुस्तकात दोन चौकटी पाहिल्या, एकीत एक. दोनदा बांधलं गेलं होतं.

दुसरा साक्षीदार म्हणजे कीड. पुस्तककिडा भोक पाडताना पान आणि पुठ्ठा असा भेद करत नाही. शेवटच्या पानांमधून आरपार गेलेलं भोक अस्तरकागदाशी येऊन अचानक थांबत असेल आणि पुठ्ठा धडधाकट असेल, तर पुठ्ठा नंतरचा. वाळवीने पोखरलेल्या पानांना गुळगुळीत पुठ्ठे, हेही तसंच.

मग समास. दरवेळी बांधताना बाइंडर कडा थोड्या कापतो. पानाच्या वरचा मथळा कडेला चिकटलेला दिसला, जुन्या मालकाची समासातली टिपणं अर्धी कापली गेली असली, तर कात्री एकापेक्षा जास्त वेळा चाललीय. याउलट कडा खरखरीत, न कापलेल्या असतील तर ते पुस्तक दुर्मीळातलं दुर्मीळ.

शेवटी सह्या. नावाजलेले बाइंडर पुढच्या पुठ्ठ्याच्या आतल्या दुमडीवर, खालच्या कडेला, मुंगीएवढ्या सोनेरी अक्षरांत नाव ठसवतात: झेनडॉर्फ, रिव्हिएर, १९०१ साली सुरू झालेली सँगोर्स्की अँड सटक्लिफ. साधे बाइंडर अस्तरकागदाच्या कोपऱ्यात बोटाच्या नखाएवढी चिठ्ठी चिकटवत. मुंबईच्या एखाद्या जुन्या बाइंडरची अशी चिठ्ठी मिळाली, तर माझ्या लेखी ती लंडनच्या सोनेरी नावाहून मोठी. कारण तिच्यावरून पुस्तक इथे कधी आलं याचा माग लागतो. मालकाच्या नावाची छापील चिठ्ठी, कॉलेजने बक्षीस देताना पुठ्ठ्यावर उठवलेला सोनेरी शिक्का, हस्ताक्षरातलं नाव, हे सगळं जसंच्या तसं राहू द्या. खोडरबर दूर ठेवा.

लबाडीचाही एक प्रकार सांगून ठेवतो. एका किरकोळ पुस्तकाची सुंदर जुनी बांधणी काढून ती महागड्या पुस्तकावर चढवायची. फ्रेंच लोकांनी याला रांब्वाताज असं देखणं नाव दिलंय. पुठ्ठे पानांपेक्षा किंचित मोठे-लहान वाटतात, पाठीवरच्या नावाची पट्टी इतर ठशांपेक्षा ताजी दिसते, आणि वर सांगितलेली तपकिरी चौकट जुळत नाही.

आपल्याकडच्या हस्तलिखितांबद्दल एक गोष्ट. पोथ्या सुट्या पानांच्या. वर-खाली लाकडी फळ्या, बाहेर कापडाचं वेष्टन. पेशवे दफ्तरातले कागदही रुमालांतच बांधलेले. म्हणून पोथीला चामड्याचे पुठ्ठे असतील तर ते बहुधा नंतर, ग्रंथालयात किंवा साहेबाच्या हौसेने चढलेत. दख्खनी सुलतानांच्या मुलखातली फारसी-अरबी हस्तलिखितं मात्र चामड्यातच असत, आणि त्यांच्या मागच्या पुठ्ठ्याला पाकिटासारखी जीभ असते, जी कडेवरून येऊन पुढच्या पुठ्ठ्याखाली सरकते. ही जीभ तुटून हरवलेली असते पुष्कळदा. असेल तर जपा. आणि परदेशी राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: पंचाहत्तर वर्षांहून जुनं, मोलाचं हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते बॅगेत घालून नेता येत नाही.

पाचवी पायरी : किंमत

एक उदाहरण घेऊ. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास, १८२६, लंडन, तीन खंड. त्या काळी प्रकाशक पुस्तक साध्या कागदी पुठ्ठ्यांत विकत आणि गिऱ्हाईक आपल्या आवडीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे ते चामड्यात बांधून घेई. समजा, तुमच्यासमोर तीन संच आहेत. पहिला त्याच कागदी पुठ्ठ्यांत, पाठ फाटकी, कडा न कापलेल्या. दुसरा त्याच दशकात काफमध्ये बांधलेला, आत मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या कुणा अधिकाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. तिसरा चकचकीत लाल मोरोक्कोमध्ये, विसाव्या शतकात बांधलेला, कडांना सोनं. नवखा माणूस तिसऱ्यावर झडप घालतो. मुरलेला संग्राहक पहिल्या दोघांमध्ये घुटमळतो. मी दुसरा घेईन. त्यात पुस्तकाबरोबर एक माणूसही मिळतो. तिसरा वाईट नाही, पण त्यात आपण चामड्याचे आणि मजुरीचे पैसे देतो, इतिहासाचे नाही.

१८२० च्या दशकात प्रकाशकांनी कापडी बांधणी सुरू केली, तेव्हापासून हिशेब आणखी उलटा झाला. व्हिक्टोरियन कादंबरीची पहिली आवृत्ती मूळ कापडात असणं हे नंतरच्या उंची चामड्यापेक्षा सहसा जास्त मोलाचं. डिकन्सच्या बऱ्याच कादंबऱ्या महिन्याच्या भागांत निघत. ते सुटे भाग मूळ कागदी वेष्टनांत सापडले तर लोक वेड्यासारखे पैसे देतात, आणि कित्येकांच्या आजोबांनी तीच वेष्टनं फेकून भाग चामड्यात बांधून घेतलेले असतात. मराठी पुस्तकांनाही हेच लागू. शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचं मूळ कागदी मलपृष्ठ, त्यावरच्या जाहिराती, किंमत, छापखान्याचा पत्ता, हे गेलं की अर्धं पुस्तक गेलं.

फळी सजवायला विकले जाणारे चामडी संच, आणि वर्गणीदारांना दरमहा घरपोच येणाऱ्या विसाव्या शतकातल्या सोनेरी कडांच्या 'कलेक्टर्स' आवृत्त्या, यांबद्दल थोडक्यात: वाचायला घ्या, गुंतवणूक म्हणून नको. दुर्मीळ व्हावं इतक्या कमी त्या कधी छापल्याच नव्हत्या.

कॅटलॉगमधली भाषा सभ्य असते, म्हणून फसवी. 'रब्ड' म्हणजे झिजलंय. 'जॉइंट्स टेंडर' म्हणजे सांधा जाण्याच्या बेतात आहे, 'क्रॅक्ड' म्हणजे तडा गेला पण दोऱ्या धरून आहेत, 'डिटॅच्ड' म्हणजे पुठ्ठा हातात येईल. 'सन्ड' म्हणजे पाठ उन्हाने उडालीय. 'रीबॅक्ड' हा महत्त्वाचा शब्द: पाठीला नवं चामडं लावलंय, त्यापुढे 'ओरिजिनल स्पाइन लेड डाउन' असेल तर जुनी पाठ नव्यावर परत चिकटवलीय, आणि ते कितीतरी बरं. शब्दांवर विसंबू नका. चार फोटो मागा: पाठ, दोन्ही सांधे जवळून, पुढचा पुठ्ठा उघडून आतली दुमड आणि समोरचं पान एकत्र, आणि वरून दिसणारी पानांची कड. तिसऱ्या फोटोला टाळाटाळ झाली की मी माघार घेतो.

सहावी पायरी : दुरुस्ती, शक्यतो न करणं

एका बाइंडरकडे मी फक्त सुटलेला पुठ्ठा जोडायला एक पुस्तक दिलं होतं. आठवड्याने मिळालं ते नव्या तपकिरी रेक्झिनमध्ये, तिन्ही कडा मशीनवर सफाईदार कापलेल्या, शिलाई उसवून पाठीला गोंद. "एकदम नवं करून दिलं बघा," म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. जुने पुठ्ठे विचारले तर रद्दीत गेले होते, मालकाच्या चिठ्ठीसकट. चूक माझीच जास्त. मी तोंडी सांगितलं होतं.

आता मी लिहून देतो, फोटो जोडून: कडा कापायच्या नाहीत, जुजबंदीची (पानांच्या जुड्या दोऱ्याने शिवलेली) जुनी शिलाई धरून असेल तर उसवायची नाही, अस्तरकागद आणि चिठ्ठ्या जागेवर राहतील, जुन्या बांधणीचा काढलेला प्रत्येक तुकडा पाकिटात परत मिळेल. फेविकॉल नाही; गव्हाची किंवा स्टार्चची खळ, जी पुढे कुणाला ओलावून सोडवता येते. तीही कुजलेल्या चामड्याला थेट लावायची नाही, काळं पडतं. पाठ नवी घालायची असेल तर वनस्पतीने कमावलेलं शेळीचं कातडं, रापीने तासून मिलिमीटरच्या आत आणलेलं, कडांना त्याहून पातळ. धारावीत कातडं मिळतं, पण तिथलं बरंचसं बॅगा-पाकिटांसाठी असतं. दुकानदाराला "क्रोम की व्हेज?" एवढं विचारलं तरी बोलणं नीट मार्गाला लागतं.

रेड रॉटसाठी संवर्धक क्लुसेल जी नावाची पूड अल्कोहोलमध्ये विरघळवून लावतात, साधारण शंभर मिलिलीटरला दोन ग्रॅम या मानाने. त्याने भुकटी धरून ठेवली जाते, तंतू परत जुळत नाहीत. रंग थोडा गडद होतो, म्हणून आधी आतल्या कोपऱ्यावर थेंबभर लावून बघतात. मोलाच्या पुस्तकावर हा प्रयोग स्वतः करू नका, आणि अल्कोहोल पेट घेतं हे विसरू नका. लॅनोलिन-मेणाचे लेदर ड्रेसिंग एकेकाळी मोठमोठी ग्रंथालयं वापरत. आता जवळपास सगळ्यांनी सोडलंय. बुटाचं पॉलिश, व्हॅसलीन, खोबरेल यांबद्दल मी बोलायला नको.

जे स्वतः करता येतं ते असं: सुटलेला पुठ्ठा रुंद, चपट्या सुती नाडीने पुस्तकाला बांधा, गाठ पानांच्या कडेला, पाठीवर नाही. आम्लरहित पुठ्ठ्याची मापाची पेटी करून घ्या. बहुतेक पुस्तकांना एवढंच लागतं.

सातवी पायरी : आपला पावसाळा

पुस्तकांची पुस्तकं सांगतात : तापमान वीसच्या आसपास, आर्द्रता पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के. जुलैत मुंबईत आर्द्रता ऐंशीच्या वर असते. पासष्टच्या पुढे बुरशीला निमंत्रण. चोवीस तास एसी परवडणारे थोडे, आणि दिवसा चालू, रात्री बंद असा एसी तर चामड्याला जास्त छळतो, कारण ते दर बारा तासांनी फुगतं-आकसतं. त्यापेक्षा आर्द्रतामापक घ्या, तो स्वस्त असतो, आणि घरातली सगळ्यात कोरडी भिंत शोधा. बाहेरची, बाथरूमची, उत्तरेकडची गार भिंत टाळा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीपासून वर, आणि पुस्तकं फळीवर कोंबलेली नकोत. काचेची दारं पावसाळ्यात दिवसातून एकदा उघडून पंखा लावा. सिलिका जेल बंद पेटीतच उपयोगी, आणि रंग बदलला की भाजून कोरडी करावी लागते. उघड्या कपाटात ती ठेवणं म्हणजे समुद्रात मीठ टाकणं.

प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत पुस्तक गुंडाळू नका. आतला ओलावा आतच राहतो. डांबराच्या गोळ्यांनी वास लागतो, डाग पडतात, आणि झुरळं त्यांना सरावतात. कसर आणि झुरळं खळीसाठी येतात, तेव्हा पाठीच्या टोकांवर कुरतडल्याच्या खुणा महिन्याला एकदा बघा. जिवंत कीड सापडली तर पुस्तक दोन पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि उणे अठराच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड चामड्यावर दव धरतं. व्हेलमला हा उपचार नको. बुरशी आली तर आधी ते पुस्तक वेगळं काढा, कोरड्या हवेत ठेवा, आणि लव पूर्ण सुकून पावडर झाल्यावरच, मास्क लावून, गच्चीत मऊ ब्रशने झाडा. ओली असताना पुसली की ती चामड्यात रगडली जाते.

आणि प्रत्येक पुस्तकाला एक कार्ड. कातडं कोणतं, तपकिरी चौकट जुळते का, सह्या-चिठ्ठ्या कुठे, सांध्याची अवस्था, तारीख, फोटो. माझ्या मोल्सवर्थच्या कार्डावर "पाठीवर खोबरेल तेल, मी, ऑगस्ट" अशी नोंद आहे. पेटीत एक छोटं पाकीट आहे, त्यात पाठीवरून गळलेली नावाची पट्टी. तीन तुकडे झालेत; 'मोल्स' एवढं अजून वाचता येतं.